मालक कोण?

३ मार्च, सोमवार

कशी आहेस गं वही? पाठीचा टाका उसवलाय तुझा, दिसतंय मला. आणि आमची ही? शिवणाचं पाय-मशीन मारून घोटा सुजलाय, बोलणं मात्र ठणठणीत. भाची? पुस्तकात डोकं घातलं की जेवण विसरते, बाकी उत्तम. धाकटा भाऊ? खोकतो आणि सल्ले देतो, दोन्ही न थांबता. राहिलो मी. उजवा गुडघा रुसलाय, डावा सांभाळून घेतोय.

आज गंमत झाली! मोजणीवाले आले. आमच्या वस्तीत कोणाच्याच घराला कागद नाही. तोंडी दिलेल्या जागा, तोंडी घेतलेल्या. आता सरकार पहिल्यांदाच घर न् घर मोजून मालकीचे कागद देणार आहे. मी आत घोरत पडलेलो. मोजणीवाल्याने दारातून विचारलं, "मालक कोण?"

ही म्हणाली, "मालक झोपलेत!"

झालं! त्याने शेजाऱ्यांकडून माझं नाव विचारून घेतलं आणि मालकाच्या रकान्यात लिहून टाकलं.

अरे बाबा, ती *मला* मालक म्हणते! लग्न झाल्यापासून. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटते म्हणून. जागा तिच्या वडिलांनी तिला दिलेली. भिंती तिच्या शिवणकामावर उभ्या राहिल्या. मी फक्त रंग दिला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लिहा-वाचायलाही त्यांच्यावरच शिकलो. तेवढंच येतं मला.

५ मार्च, बुधवार

भाची म्हणजे हिच्या बहिणीची लेक. शिकायला आमच्याकडे राहते. गरीब देशांमध्ये जमिनी कोणाच्या नावावर कशा लागतात, यावर मोठं बाड लिहितेय. 'मालक झोपलेत' ऐकून हसून हसून लोळली. मग एकदम उठून बसली.

"काका, हे हसण्यावारी नेऊ नका. हरकतीची मुदत संपली की कागद पक्का. मग मावशीचं या घरावर काहीच नाही."

"मी काय तिला हाकलणार आहे?"

"तुम्ही नाही हो. तुमच्यानंतर?"

आम्हाला मूलबाळ नाही.

संध्याकाळी धाकटा आला. खोकला. म्हणाला, "दादा, मिळालंय तर असू दे की. घर घराण्यात राहील." घराण्यात म्हणजे कोणाकडे, ते काय मला कळत नाही? पण भाऊ आहे. चहा पाजला आणि विषय बदलला.

६ मार्च, गुरुवार

ही म्हणते, "राहू द्या हो. तुमचं काय नि माझं काय!"

पण आज हिने एका गिऱ्हाइकाच्या झग्याला उजव्या बाहीच्या जागी डावी जोडली. असं कधी झालं नव्हतं. उसवताना कोणाकडेही बघत नव्हती.

उद्यापासून मी कंबर कसणार.

९ मार्च, रविवार

आज भाचीने आम्हाला जगाची सफर घडवली. मी प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारत होतो: तिथे हिचं घर कोणाचं झालं असतं?

एका देशात सगळी जमीन सरकारची. माणसाला नुसती वापरायला मिळते, मुदतीवर. "म्हणजे सगळेच भाडेकरू!" ही खूश. "बरंय की, भांडण नाही." भाची म्हणाली, "मावशी, सरकार 'ऊठ' म्हणालं की उठायचं." "मग नको बाई!"

दुसरीकडे जमीन सगळ्या जमातीची, मुखिया वाटून देतो. कागद नाही, पण कुठली कोणाची ते पोराटोरांनाही पाठ. हा देश मला आवडला, अगदी आपल्या वस्तीसारखा! विचारलं, "मुखियाने हिला दिली असती ना?" भाची म्हणाली, "मुखियाने आधी धाकट्या काकांना विचारलं असतं." नावडला लगेच.

तिसऱ्या देशात नवरा-बायको दोघांची नावं एकाच कागदावर, दोघांचे फोटोसुद्धा. मी म्हटलं, "वा! हा घ्या!" भाची मान हलवते. म्हणे तिथेही बायकांच्या हातात कागद आला, पण काही द्यायचं-घ्यायचं म्हटलं की सगळे नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात. हक्क म्हणजे एकच वस्तू नव्हे, जुडी असते जुडी. राहायचा वेगळा, वापरायचा वेगळा, विकायचा वेगळा. कोणत्या देशात कोणाच्या हाती किती काड्या येतात, तेच ती बघते. मी म्हटलं, "भाजीवालीसुद्धा जुडीतून चार काड्या काढून घेते. सरकार तर सरकारच!"

पण त्या तिसऱ्या देशातली एक गोष्ट कामाची निघाली. कागद करण्याआधी तिथे शेजाऱ्यांना हद्दीवर उभं करून सगळ्यांदेखत विचारतात, हे कोणाचं? मी कान टवकारले.

१२ मार्च, बुधवार

कचेरीत जाऊन आलो. कारकून म्हणाला, "हरकत कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"म्हणजे हरकत घेणार कोण?"

"मीच."

त्याने पेन ठेवलं आणि मला कचेरीच्या मोठ्या अधिकारी बाईंसमोर नेलं. बाईंनी चष्मा पुसला. "आजोबा, कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"लग्न झाल्यापासून आहे! पण या बाबतीत नाही."

हसल्या नाहीत. मोजणीवाल्याने काढलेला फोटो दाखवला. "दारावर पाटी तर तुमच्याच नावाची आहे."

"बाई, पाटी मी रंगवली म्हणून माझं नाव. दाताच्या डॉक्टरांची पाटीही मीच रंगवली. म्हणून मी लोकांचे दात काढू?"

आता मात्र हसल्या! तेवढ्यात मी ते शेजाऱ्यांना विचारायचं पुढे केलं. म्हणाल्या, नियमात बसतं, पुढच्या बुधवारी येते.

आल्या आल्या पाटी उतरवली. भाची म्हणाली, पुरावा नष्ट केला असं वाटेल. परत लावली. आमची वरात!

१९ मार्च, बुधवार

मोठ्या बाई आल्या! अख्खा बोळ गोळा झाला. धाकटाही आला, कोपऱ्यात उभा राहून खोकत होता.

बाईंनी पहिल्यांदा समोरच्या न्हाव्याला विचारलं, "हे घर कोणाचं?"

"शिवणवाल्या बाईंचं."

"कशावरून?"

"म्हणजे काय! मी माझ्या दुकानाचा पत्ता काय सांगतो मग? शिवणवाल्या बाईंच्या घरासमोर!"

पाववाल्यानेही तेच सांगितलं. पोस्टमनने तेच. माझं नाव कोणी घेईना. खरं सांगतो वही, तेवढा वेळ जरा झोंबलं.

धाकटा पुढे सरकला. "बाई, घरच्या गोष्टी शेजाऱ्यांना काय ठाऊक? वहिनींनाच विचारा मालक कोण ते."

बाई हिच्याकडे वळल्या. "मालक कोण?"

आणि हिने... सवयीने... माझ्याकडे बोट केलं!

सगळा बोळ खदखदला. धाकटा फुशारला. भाचीने कपाळावर हात मारून घेतला. मी हिला डोळ्यांनी खुणावतोय, ही लाजून पदराशी चाळा करतेय.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मालक राहू देत. घर कोणाचं?"

हिने पदर सोडला. घराकडे बघितलं, मग धाकट्याकडे, मग बाईंकडे.

"माझं."

एवढंच. पण मी इतकी वर्षं ऐकतोय, हा आवाज मला नवा होता.

धाकटा जाताना म्हणाला, "दादा, हातचं घालवलंस." मी म्हटलं, "अरे, हातात होतं कधी?" चहाला थांबला नाही. येईल. सल्ले साठले की येतोच.

२० मार्च, गुरुवार

ही आता मला चारचौघांत 'आमचे पेंटर' म्हणते. मालक हा शब्द घरातून हद्दपार!

४ एप्रिल, शुक्रवार

कागद आला! हिचं नाव, एकटीचं. अक्षर छापील, तरी बरं आहे. मी असतो तर मात्रा जरा डौलदार दिली असती. भाचीने मोठ्याने वाचून दाखवला. हिने पुन्हा वाचायला लावला. पोटभर जेवलो तिघं. झोपताना ही एकदम म्हणाली, "म्हणजे आता मी काहीही करू शकते?" भाची म्हणाली, "काहीही." मी म्हटलं, "अगदी काहीही!" फार मोठं मन दाखवलं मी.

६ एप्रिल, रविवार

हिने घर विकायला काढलंय. मोठ्या रस्त्यावर गाळा बघून आली, मागे राहायला एक खोली. दुकान थाटणार. मला विचारलं नाही, सांगितलं. माझी सही लागत नाही म्हणे. भाचीला आनंदाने उड्या मारायच्यात, माझ्याकडे बघून थांबलीये. मी सकाळपासून घरभर नुसता फिरतोय. हिला माझं उत्तर नकोच आहे. मला तुझं हवंय, वही. काय म्हणू? लवकर लिही गं.