बिननावाचा खण

दिघी, ५ नोव्हेंबर १९५४
पोचलो बुवा! मोटारीनं हाडं खिळखिळी केली, पण माझ्या हवाली केलेलं वाचनालय पाहिलं आणि शीण पळाला. दोनशे बारा पुस्तकं, नुसती खिचडी! पुराणाला खेटून कोंबडीपालन. मी चौथी पास. पण फडताळात डबे लावता येतात त्याला पुस्तकं का जड? कपाटाला सहा खण. देवधर्म, शेती, औषधं, गोष्टी, प्रवास अशा चिठ्ठ्या डकवल्या. सहावा बिननावाचा. ज्याचा विषय कळेना, त्याला तिथं आसरा. आमची सगुणा मुरूडला माहेरी आहे. चौदा तारखेला सकाळी आगरदांड्याहून होडीनं येईल.

९ नोव्हेंबर
सहाव्या खणात तीन पुस्तकं: भातशेती, देवीमाहात्म्य, एक रहस्यकथा. मी ठेवली नव्हती. चिंब ओली, खारट. झाडलोटीच्या वेणूबाईंवर खेकसलो, तर म्हणाल्या, "माज्या बादलीत खारं पानी कुठलं, मास्तर? डोळं तपासा!" वाळवून जागच्या जागी लावली.

१० नोव्हेंबर
पुन्हा तीच तिन्ही, पुन्हा ओली. नोंदवहीतून त्यांचे शेवटचे वाचक काढले, वेणूबाईंना नावं वाचून दाखवली. केरसुणी भिंतीला टेकवून त्यांनी सांगितलं: तिघंही गेल्या श्रावणात खाडीत बुडालेले.
हळूच म्हणाल्या, "इशय पुस्तकाचा न्हाय, मास्तर. वाचनाऱ्याचा हाय."

१२ नोव्हेंबर
खणात चौथं. औषधांचं. काल काळूराम कोळी घरी घेऊन गेला होता, नोंद मीच केली. त्याच्या घरी धावलो. पहाटेच जाळं घेऊन गेला म्हणे.
दुपारी त्याची होडी आली. रिकामी.

१३ नोव्हेंबर
खणावर फळी ठोकली. खिळे गंजून गळाले. एका दिवसात! मुरूडला निरोप धाडला, येऊ नकोस म्हणून. पोचेल का—

१४ नोव्हेंबर, सकाळ
खणात सगुणेची लोणच्यांची वही. ती तर तिच्या पिशवीत असते.
पानं भिजताहेत. 'कैरी' वाचता येतं, पुढचं विरघळलं.
खिडकीतून होडी दिसते. खाडीच्या मध्यावर. एका अंगाला कललेली. वही बाहेर काढली. आपोआप परत आत. दोनदा. खणाला आज एक वाचक हवाच—
मग माझी घे. ही रोजनिशी. हिचा वाचक मीच.
खणातच ठेवून लिहितोय. तिची वही वाळतेय! होडी सरळ झाली. धक्का जवळ आला— उतरली! उतरली माझी बाय!
कपाटातून पाणी— दार उघडत नाही—
सगुणे, घाई करू नकोस गं, धक्क्यावर चहा घे निवांत, इकडं आता छातीपर्यंत पा—