विरजण ठीक

७ फेब्रुवारी, त्रिएस्ते, इटली
पोचले! स्टॉकहोमच्या चिखलबर्फातून थेट समुद्रासमोरची खोली. आमच्या इथल्या स्वीडिश गुहासंशोधन संस्थेची शंभरी येतेय आणि तिचा इतिहास मी लिहायचाय. पुस्तक नीट झालं की मायदेशी विद्यापीठात जागा पक्की. संचालिका राग्नहिल्ड स्वतः स्टेशनवर आली होती.

८ फेब्रुवारी
नाश्त्याला तार धरणारं दही. पहिल्या संचालकाने घरून, स्वीडनहून आणलेलं विरजण अजून रोज दूध घालून जगवतात. चमचा उचलला की शेंबडासारखी तार लोंबते. मला लहानपणापासून याची शिसारी. पण सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत इथे कुणी उठत नाही. माझ्यापायी पाच माणसं वीस मिनिटं गप्प बसली. रागावलं कुणी नाही, आपल्या स्वीडिश लोकांना ते उघडपणे जमतच नाही. शेवटी डोळे मिटून गिळलं. "बघ थीरा, गेलं ना पोटात!" राग्नहिल्ड म्हणाली. "आता तू आमच्यातली."

१४ फेब्रुवारी
जुन्या नोंदवह्या चाळतेय. रोजची पहिली ओळ ठरलेली: "विरजण ठीक." मग गुहा, नकाशे, भांडणं. सांगायला लाज वाटते, पण दही आवडायला लागलंय.

१९ फेब्रुवारी
जानेवारी १९४५. युद्ध, उपासमार. सात आठवडे दुधाचा थेंब मिळाला नाही, असं वहीतच आहे. तरी रोज "विरजण ठीक." पुढे: "दिलं: फोल्के." फोल्के इथला नकाशे काढणारा. बारा दिवस त्याचंच नाव, त्याच्याच अक्षरात, रोज जास्त वेडंवाकडं. तेराव्या दिवशी जेवणारे सहाचे पाच. पुढचं नाव, नवं अक्षर: सिग्ने. दुधाऐवजी माणसं.
बेसिनमध्ये ओकले. जे पडलं त्याची तार तुटेना.

२० फेब्रुवारी
राग्नहिल्डसमोर वही आपटली. ती कॉफी ओतत म्हणाली, "छाप की. पण मग काय, मरू द्यायचं होतं का विरजण?" शी! इतक्या सहज! छापणारच, म्हटलं. जागा गेली खड्ड्यात. परवा सकाळच्या गाडीने निघते.

२१ फेब्रुवारी
नाश्त्याला गेले नाही. दुपारी खाली उतरले तर पाचही जण सकाळपासून टेबलाशीच. माझी वाटी भरलेली. मी — खाल्लं. चाटून.

२२ फेब्रुवारी
दात घासताना बोटाला तार. घशातून येतेय. ओढली, ओढतच राहिले — गरम, आंबट — किळस, नुसती किळस — गाडी गेली —

२३ फेब्रुवारी, सकाळ
बरणीतलं विरजण पातळ झालंय. दूध धरत नाही. सगळे बसलेत. राग्नहिल्डने संस्थेची वही माझ्या या वहीवरच ठेवली, मी ढकलली — इथेच लिहीन, माझ्या — मला घरी जायचंय — हात ऐकत नाही —
विरजण ठीक. दिलं: थी—