उन्हावरचं भरीत

शनिवार, २८ नोव्हेंबर १९८७
आज आणलं ते असं: भरताची हिरवी वांगी दोन किलो, साडेतीन रुपये (भाजीवाल्या लिलाबाईने चार सांगितले होते). तेलाचा रिकामा चौकोनी डबा, तीन रुपये. लाकडाचा भुसा एक पोतं, वखारीतून, फुकट. वखारवाला म्हणाला, ताई, पोतं तेवढं परत आणा. आरसा घरचाच. काळा रंग आठ रुपये म्हणतात. घेतला नाही. समईची काजळी आहे की.

कारण असं, की काल शाळेत पालकसभा झाली. विज्ञानाचे भंगाळे सर म्हणाले, यंदा जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्या शाळेत, एकोणीस डिसेंबरला. वक्तृत्व आहे, समूहगीत आहे, रांगोळी आहे, खेळ आहेत, प्रत्येक मुलाने कशात तरी भाग घ्यावा. आमची हेमलता आठवीत. तिने कशात घ्यावा हे तिला विचारायच्या आतच मला सुचलं. देवाची कृपा, दुसरं काय. सूर्यचूल! आणि सूर्यचुलीवर भरीत. चंपाषष्ठी झाली, चार महिने बंद असलेलं वांगं सुटलं. जळगावात भरीत घरोघर होतं, पण नुसत्या उन्हावर केलेलं कोणी खाल्लंय?

धुळ्याच्या अक्काच्या मुलाला मागच्या वर्षी प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं. ते प्रमाणपत्र तिने चौकट करून दारासमोर लावलंय. चपला काढताना नेमकं डोळ्यांसमोर येतं. मला बक्षिसाचा मोह नाही. फक्त आमच्या दारासमोरची खुंटी मोकळी आहे.

हेमलता म्हणाली, आई, मी खो-खोत नाव दिलंय. म्हटलं, असू दे, नाव द्यायला पैसे पडत नाहीत. तिने एक चिठ्ठी पुढे केली. विभागीय संघाच्या निवडीला मुलीला पाठवण्यास हरकत नाही, खाली पालकाची सही. निवड त्याच दिवशी, एकोणीसला, दुपारी बाराला. आणि प्रदर्शनात पेटीपाशी उभं कोण राहणार? चिठ्ठी अन्नपूर्णेखाली ठेवली. देवी सुचवील तेव्हा सही करू. ह्यांनी विचारलं, मी करू का सही? म्हटलं, तुम्ही डाळ मिलमधल्या काट्याकडे बघा.

सोमवार, ३० नोव्हेंबर
पेटी झाली. डब्याभोवती भुसा, आतून काजळी, वर आरसा. काच तेवढी अडली. दुकानात अठरा रुपये! एका काचेला! शेवटी दत्ताच्या तसबिरीची काच काढली. मापाला तंतोतंत. म्हणजे महाराजांच्याच मनात होतं. देव सध्या उघडे आहेत, पण थंडीचे दिवस, धूळ कमी असते. रोज दोनदा फडक्याने पुसते.

हेमलतेला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ असं ठळक अक्षरांत लिहायला बसवलं. ‘टाकाऊ’ लिहून झालं आणि पोर गायब. मैदानावरून आणली. गुडघे फुटलेले.

गुरुवार, ३ डिसेंबर
मार्गशीर्षातला गुरुवार. पूजा, कहाणी, मग गच्चीवर पहिला प्रयोग. चार वांगी, सकाळी दहापासून दोनपर्यंत. वांगी कोमट झाली. सुरुवात उत्तम.

दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे वळवायला हेमलतेला बसवलं होतं. वर जाऊन पाहते तर पेटीचं तोंड भिंतीकडे आणि ही गच्चीच्या दोन टोकांना दोन खुंट्या खांब मानून पळतेय. म्हणे, वळायचा सराव. म्हटलं, पेटी वळव, तू वळू नकोस.

लिलाबाई पाटी घेऊन आली होती, ती काचेला डोळे लावून आत डोकावली. म्हणाली, “माय वं ताई, धूर नही तं भरीत कसानं? ही तं वांगानी पेज शे.” तिला विज्ञान समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, “तुनी पोर मात्र वारासारखी पळस.” अडाणी बाई, विषय सोडून बोलते.

सोमवार, ७ डिसेंबर
वांग्यांना विश्रांती. आज भात. भात शिजला. म्हणजे बाहेरून शिजला. ह्यांनी एक घास घेतला आणि ताटाकडे बघत बसले. म्हणाले, आमच्या मिलमध्ये दाणा ओला आहे की सुका हे असं दाताखाली धरूनच बघतात. मी म्हटलं, उन्हात शिजवलेल्या अन्नाला चावायची सवय लागते. त्यानंतर भात स्टोव्हवर ठेवला, फक्त एक वाफ. रॉकेलची बचत मांडली तर महिन्याला चार लिटर निघते. आज स्टोव्हला लागलेलं रॉकेल त्यात धरलेलं नाही. तो प्रयोगाचा खर्च.

काजळी तापून काचेला चिकटली. दत्ताची काच आता थोडी सावळी दिसते.

शनिवार, १२ डिसेंबर
खो-खोचे सोनवणे सर घरी आले. सायकल दाराला लावली, टोपी काढली, अगदी नम्र माणूस. म्हणाले, वहिनी, वीस वर्षं मुली खेळवतोय. खांबापाशी इतका तोल सांभाळून वळणारी पोरगी बघितली नव्हती. निवड झाली तर जानेवारीत धुळ्याला विभागीय सामने. तेवढी सही द्या.

मी चहा ठेवला आणि चहा होईपर्यंत सूर्यचूल दाखवली. भुशाचं महत्त्व, काचेचं महत्त्व, अठरा रुपये कसे वाचले, सगळं सांगितलं. सर फार प्रभावित झाले. चहा निवला तरी पेटीकडेच बघत होते. निघताना हेमलतेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बघू, अजून आठवडा आहे. बहुतेक पेटीबद्दलच म्हणाले.

हेमलता जेवली नाही. उन्हात बसून भूक मरते हे खरं.

गुरुवार, १७ डिसेंबर
व्रताचं उद्यापन. पाच सवाष्णी. सुनंदाबाई शेजारच्या, त्यांच्याकडे गॅस आहे आणि तो त्या बोलण्यातही पेटवतात. म्हणाल्या, वहिनी, तुमच्या त्या पेटीवर एकदा आम्हाला भरीत खाऊ घाला, संक्रांतीपर्यंत शिजेल ना? सगळ्या हसल्या. मीही हसले. संयम हा माझा स्वभावच आहे.

तीन दिवस आभाळ. वांगी आज फक्त घामेजली.

हेमलतेकडून भाषण पाठ करून घेतलं. “सूर्यनारायण हा निसर्गाचा अखंड पेटता चुलाणा आहे.” (वाक्य माझं.) ती ते म्हणते छान, पण म्हणताना अंगणातल्या खांबाला हात लावून येते आणि पुढचा शब्द परत आल्यावर सांगते. भाषण संपल्यावर तिने विचारलं, आई, देवीने काही सुचवलं का? म्हटलं, एकोणीसची दुपार होऊ दे. ती म्हणाली, एकोणीसच्या दुपारनंतर सुचून काय उपयोग? आजकाल उलट बोलायला लागली आहे. मैदानावरची संगत.

शुक्रवार, १८ डिसेंबर
शांतपणे विचार केला. परीक्षक सकाळी दहाला येणार. डिसेंबरातलं ऊन तेव्हा नुकतं कुठे जागं होत असतं. त्यात उन्हाचा काय दोष, आणि माझा तर मुळीच नाही. नवरीलाही आदल्या दिवशी हळद लावतातच. तेव्हा वांग्यांना आजच जरा हात द्यावा. भाजायचं नाही, ओळख करून द्यायची.

दिवेलागणीला परसात पऱ्हाट्या पेटवल्या. दादर ज्वारी पेरायला रिकाम्या केलेल्या शेतातून ह्यांच्या मित्राने मागे आणून दिल्या होत्या, कपाशीच्या काड्या, वाळून खडखडीत. वांगी ओळखीओळखीतच काळी झाली, साल सुटली, आतून मऊ. हिरवी मिरचीही त्यातच भाजली, लसूण ठेचला. वास इतका सुरेख की मला क्षणभर प्रदर्शनाचा विसर पडला.

भिंतीवरून सुनंदाबाईंची हाक आली, “काय वहिनी, भरीत वाटतं!” म्हटलं, नाही हो, धूप घालतेय. हे खोटं नव्हे. धूर देवघरापर्यंत जातच होता.

हेमलता दारात उभी होती. तिने फक्त झारा उचलून जागेवर ठेवला.

शनिवार, १९ डिसेंबर, संध्याकाळ
सकाळी आंघोळ, स्तोत्र, देवाला साखर. पेटी रिक्षाने नेली (चार रुपये, नाइलाज). जिल्हाभरातून आलेली मुलं. पाचोऱ्याच्या शाळेचा ज्वालामुखी, वरणगावच्या मुलांचं सिग्नल पडणारं रेल्वे फाटक. आमचा नंबर खिडकीशी. ऊनही आलं. पेटीत पातेलं, पातेल्यात भरीत. हेमलता पेटीपुढे, मी तिच्या मागे. नुसती उभी होते.

परीक्षक तिघे. त्यातले थोरले, पांढरी टोपी, आपल्याच भागातले. हेमलतेने भाषण सुरू केलं. मी काच सरकवली. वाफ आली. सगळा वर्ग वळला. ज्वालामुखीवालीसुद्धा.

थोरल्या परीक्षकांनी डोळे मिटून वास घेतला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग विचारलं, “बाळ, उन्हाला पऱ्हाटीचा वास कधीपासून यायला लागला?”

मी मागून म्हटलं, सर, भुशाचा असेल. ते म्हणाले, “ताई, माझं वय सत्तर आहे आणि जन्म याच मातीतला. डोळ्यांवर पट्टी बांधा, तुरीच्या काडीवरचं भरीत कोणतं आणि पऱ्हाटीवरचं कोणतं, सांगतो.” पोरं खदखदली.

तेव्हा हेमलता म्हणाली, “सर, वांगी काल काड्यांवर भाजली. पेटीत भाजलं जात नाही, आम्ही तीन आठवडे बघितलं. पण केलेलं गरम राहतं. दही मात्र थंडीतही चांगलं विरजेल असं वाटतं.” अगदी सरळ. सूर्यनारायणाचं वाक्य म्हटलंच नाही.

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, कागदावर आमच्या नंबरावर काट मारली, आणि पातेलं पुसून खाल्लं. तिघांनी. बाजूच्या मुलाच्या डब्यातली भाकरी घेऊन.

साडेअकरा झाले होते. पातेलं रिकामं. वर्गाच्या दारात सोनवणे सर सायकल धरून उभे. हेमलतेने दप्तरातून चिठ्ठी काढली. अन्नपूर्णेखालून कधी काढली देव जाणे. माझ्यासमोर धरली. निकाल आधीच लागला होता, मुलगी मोकळी होती, तेव्हा सही करण्यात माझी काहीच हार नव्हती. सही केली. काजळीचा अंगठाही उठला शेजारी. आणि ती गेली. सायकलच्या पुढे पळत.

परतीचं रिक्षाभाडं वाचवायचं म्हणून पेटी डोक्यावर घेतली. मैदान वाटेवरच आहे. जरा वळसा पडतो.

थांबणार नव्हते. पेटी जड झाली म्हणून थांबले. मुली एका ओळीत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. माझी मुलगी अशी जमिनीला हात टेकून, मान वर करून, इतका वेळ गप्प बसू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मग कोणीतरी तिला खो दिला.

ते मला लिहिता येणार नाही. खांबापाशी ती पूर्ण आडवी झाली आणि समोरच्या मुलीच्या टाचेला बोट लावून धुळीत पडली, आणि हसत होती. घरी अशी हसत नाही.

मला तेव्हा थोडं मार्गदर्शन करावंसं वाटलं. “वळ गं! पोळी उलटतात तशी वळ!” असं दोनतीनदा म्हटलं. फार मोठ्याने नाही. पंचांनी शिट्टी वाजवली, खेळ थांबला, आणि एक मुलगा येऊन म्हणाला, मावशी, पेटी घेऊन दोरीच्या मागे जा, सर सांगतात. मी दोरीच्या मागून सांगितलं. मग तो मला फाटकाबाहेर सोडून गेला.

निवड झाली.

सोमवार, २१ डिसेंबर
आज पेटीत दही लावलं. कवडी पडली. सुनंदाबाई वाटी घेऊन आल्या, विरजण मागायला! मी दिलं. काठोकाठ भरून. बोलायची गरजच नव्हती.

दत्ताला नवी काच, अठरा रुपये. खर्च देवधर्माखाली मांडला.

हेमलता शांतपणे म्हणाली, आई, एक मागू? म्हटलं, माग. म्हणाली, धुळ्याला तू येऊ नकोस. तू आलीस की माझं लक्ष तुझ्याकडे जातं. मी म्हटलं, मी कशाला येतेय, मला काय घर नाही? ती गळ्यात पडली. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

अक्काला पत्र टाकलं. इथे नक्कल ठेवते:

“ती. अक्का यांस, शि. सा. न. वि. वि. आमच्या हेमलतेची खो-खोच्या विभागीय संघात निवड झाली. पहिल्यापासून मी तिला खेळाकडेच लावलं होतं. शास्त्राची प्रदर्शनं वगैरे ज्याची त्याची आवड. सामने धुळ्यात, आठ जानेवारीपासून. मुलींची सोय शाळेत आहे, तरी तिला एकदा जेवायला ने. भरीत नको करू. मी काही सामन्यांना येणार नाही. मात्र तुला भेटून बरेच दिवस झाले, म्हणून सहजच सात तारखेला येते आहे. तिला कळवू नये. तुमच्याकडे चपला काढतात तिथे समोर आणखी एक खुंटी बसेल का, हेही पाहून ठेव. आमची चौकटही तिकडेच लावलेली बरी, तुझ्याकडे चौकटींची शोभा आहे. आणि एक. त्या मैदानाच्या भिंतीची उंची किती, आणि बाहेर उभं राहायला दगड वगैरे काही आहे का, एवढं बघून उलट टपाली कळवावे. तुझी, नर्मदा.”