सिग्नाइन म्हणजे हंसाचा

सर, बहात्तरच्या दुष्काळात वालूरच्या शाळेत तुम्ही आम्हाला हंस शिकवलात. विहिरींनी तळ दाखवलेला, चिमण्यासुद्धा दिसेनात. शब्द धड्यातला नव्हता, तुम्हीच इंग्रजी शब्दकोशातून वेचून आणलेला. फळ्यावर लिहून म्हणालात, "सिग्नाइन. हंसाचा, हंसासारखा. लॅटिनमध्ये हंस म्हणजे सिग्नस, तो रोमनांनी ग्रीकांकडून घेतला. पोरांनो, शब्दसुद्धा एसटीनं येतात. अथेन्सला बसला, रोमला गाडी बदलली, वालूरला उतरला."

"तिकीट कुणी काढलं, सर?" मागच्या बाकावरून आलं.

"मी काढलंय. तू नुसता उतरून घे."

त्यानंतर तुमचा आवाज बसला, तो बसलाच. परभणीच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. हेडमास्तर व्हरांड्यात म्हणत होते, "आवाजच न्हाई तर शिकवणार कसं? नोकरी राहत न्हाई बघा." घरात कमावणारे तुम्ही एकटे. मग वर्गानंच ठरवलं. तुम्ही फळ्यावर लिहायचं, मी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी माझ्यामागून म्हणायचं. पावसाळा असाच कोरडा निघाला, आणि वर्ग चालला.

मग तपासणीचे साहेब आले. मी अजून तिथंच उभा आहे, हातात पुस्तक धरून. साहेब म्हणतात, "तू बस. कविता मास्तर वाचतील." तुम्ही पुस्तक घेता, तोंड उघडता. नुसती खरखर येते. आणि कुणी न सांगता अख्खा वर्ग ती कविता म्हणायला लागतो, पुस्तकं न उघडता. साहेब हात वर करतात. "पुरे. मला यांचा आवाज ऐकायचाय." वर्ग गप्प होतो. तुम्ही पुस्तक मिटता, बोटांवरचा खडू धोतराला पुसता.

त्याच आठवड्यात तुम्ही पालमच्या गाडीनं गावी गेलात. दिवाळीच्या सुट्टीत कळलं, तुम्ही राहिला नाहीत.

पुढं कॉलेजात वाचलं, की हंस जन्मभर मुका असतो आणि मरताना तेवढा गातो, अशी जुन्या कवींची समजूत होती. तुम्हाला हे ठाऊक असणारच. त्या शब्दाची मुळं तुम्ही रोमपर्यंत खणून दाखवलीत, एवढं मात्र झाकून ठेवलंत. तेव्हाच घसा दुखायला लागला होता का, हे विचारायचं राहिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. सर, तुमचा आवाज मला आठवत नाही. आठवायला बसलो, की माझाच ऐकू येतो, तुमच्या जागी मोठ्यानं वाचणारा.