तीस थेंब

प्रिय आई,
इतक्या लांबूनच तुला वाकून नमस्कार.

आज मी जिंकले! आमच्या कारखान्याचं आम्लाचं पाणी चुना घालून शांत करतात, मग नदीत सोडतात. मीटर म्हणत होता, आम्ल संपलं. मला पटेना. नमुन्यात रंग बदलणारं एक द्रव्य टाकतात; आम्ल नसेल, तर अल्कलीच्या पहिल्याच थेंबाला गुलाबी रंग येतो. इथे तीस थेंब घातले तरी पाणी कोरंच!

"यंत्र चुकलं आणि तू बरोबर?" साहेब गुरगुरले. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं आणि पंप बंद करायला धावत सुटले. परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे हिच्या सहीशिवाय पाणी सोडायचं नाही."

नमुना घेताना आम्ल उडून हात जरासा पोळलाय, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला थांबला का? त्यांना सांग, भांडकुदळ लेकीने नदी वाचवली.

तुझीच,
धाकटी