ड्राइव्हवेला पाणी घालणारी

मेपल क्रेस्ट, मिनेसोटा
१२ जून १९९४

ती. वन्संना,
लिओनाचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे ते कळवावं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने रचता, म्हणून पत्रच बरं.

आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्रक आलंय. सगळी घरं सारखी दिसली पाहिजेत, म्हणून ज्यांचा ड्राइव्हवे खडीचा आहे त्यांनी तो ऑगस्टअखेर काँक्रीटचा करावा. असे आम्ही सहा जण. वन्सं, तुमच्या भावाने एकतीस वर्षं गावातल्या निम्म्या लोकांचे ड्राइव्हवे ओतले आणि स्वतःच्या दारात खडी ठेवली. दर वसंतात म्हणायचा, येत्या उन्हाळ्यात आपला. त्याला जाऊन चौदा महिने झाले. खडीवर कुणाची गाडी वळली की मी अजून दुसरी बशी काढायला उठते.

डेलला वाटतं, मी घर विकून फिनिक्सला त्याच्याकडे यावं. म्हणाला, आई, तुला साधा ड्राइव्हवे झेपत नसेल तर घर काय झेपणार? शेवटी असं ठरलं की ड्राइव्हवे मी एकटीने करून घ्यायचा. पुढच्या ईस्टरला तो येऊन बघेल. हिवाळ्यातून वाट धड निघाली तर घर विकण्याचा विषय कायमचा बंद. नाही तर अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी.

मी वाचनालयातून काँक्रीटवरची दोन पुस्तकं आणली आहेत. तिथल्या मुलीने विचारलं, कादंबरी नको का? म्हटलं, यातसुद्धा शेवटी काय होतं ते कळेपर्यंत झोप येत नाही.

तुमची माया आजवर होती तशीच असू द्यावी.
तुमची,
लिओना

डुलुथ
१९ जून १९९४

प्रिय लिओना हिस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे. ऑरिनच्या त्या खडीने माझ्या बुटांच्या दोन टाचा मोडल्या, एक ख्रिसमसला आणि एक त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. त्या दिवशीसुद्धा त्याला शिव्या दिल्या मी.

पुस्तकं वाच, पण तो काय म्हणायचा तेही आठव. काँक्रीट वाळत नाही, मुरतं, आणि मुरायला त्याला पाणी लागतं. भेग पडणारच, ती कुठे पडावी एवढंच आपण ठरवायचं, खाचा त्यासाठी असतात. मला हे पाठ आहे, कारण आमच्या आईला पुरून आल्यावरच्या जेवणातही त्याचं हेच चाललं होतं.

गोड बोलणारा कंत्राटदार घेऊ नकोस. बाकी तू समर्थ आहेस.

विसर पडू देऊ नकोस.
तुझी वन्सं,
अर्लिस

मेपल क्रेस्ट
९ जुलै १९९४

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पाच तारखेला काँक्रीट ओतून झालं. समितीने आम्हा सहाही जणांना एकच कंत्राटदार दिला, कुणी स्ट्रूप म्हणून. त्याचे दात आणि माहितीपत्रक दोन्ही चकचकीत.

मिक्सरची गाडी आली तशी त्याच्या माणसांनी मालात पाइपाने पाणी सोडायला घेतलं. मी पाइपावर पाय दिला. स्ट्रूप म्हणाला, बाई, पातळ असलं की पटकन पसरतं. मी म्हटलं, सूप मी स्वयंपाकघरात करते. मग खाचा. तो वीस-वीस फुटांवर पाडणार होता. मी टेप धरून उभी राहिले आणि दहा-दहा फुटांवर पाडून घेतल्या.

शेवटी वरून झाडू फिरवायचा असतो, म्हणजे पाय घसरत नाही. मी गॅरेजमधून ऑरिनचा घोड्याच्या केसांचा झाडू आणला. त्यांच्यात एक म्हातारा कारागीर होता, पूर्वी ऑरिनबरोबर काम केलेला. त्याने झाडू ओळखला. टोपी काढून खाली ठेवली आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मी आत जाऊन भांडी घासली. स्वच्छच होती ती.

बाकीचे पाच ड्राइव्हवे स्ट्रूपने तसेच उन्हात सोडले. पांढरे होतात म्हणून लोक खूश. मी आमच्या ड्राइव्हवेवर गोणपाट अंथरलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालते आहे. यंदा पाऊस कमी म्हणून समितीने हिरवळीला पाणी घालायला बंदी केली आहे. काँक्रीटचं नाव यादीत नाही, मी दोनदा वाचली. समितीच्या अध्यक्ष टटलबाई कुत्रा घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, लिओना, इथे काय उगवणार आहे? मी म्हटलं, काँक्रीट. इथे माझं चुकलं.

संध्याकाळी शेजारून एक हॉटडिश आली, दुःखाच्या घरी भट्टीत भाजून नेतात तशी. दुसऱ्या दिवशी आणखी तीन, चारही ट्यूनाच्या. काल पाद्रीबाबा दुःखावरची पुस्तिका घेऊन आले. वाचली. काँक्रीटवाल्याने जास्त बरं लिहिलंय.

इकडची काळजी करू नये, लोभ मात्र कमी करू नये.
तुमची,
लिओना

फिनिक्स
१२ जुलै १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. टटलबाईंचा फोन आला होता. आई रात्री ड्राइव्हवेला पांघरूण घालते आणि सकाळी उठून त्याला पाणी देते म्हणे. बाबा गेल्यापासून ती एकदाही रडली नाही, तेव्हाच मला शंका आली होती. मी घरांच्या दलालाशी बोलून ठेवलं आहे. ईस्टरपर्यंत थांबणं मला बरोबर वाटत नाही. तू सगळ्यांत जवळ आहेस. एकदा जाऊन तिला बघशील का? तिच्याशी बोलताना विरोध करू नकोस, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय.

तुझ्या आशीर्वादाची गरज आहे.
तुझा,
डेल

डुलुथ
२० जुलै १९९४

चि. डेल यास,
अ. आ.

शनिवारी, सोळा तारखेला, बसने गेले. मी विरोध केला नाही. मी दुसरा पाइप धरला.

गाढवा, काँक्रीटला पाणी घालावंच लागतं. किती दिवस, ते तुझ्या आईला ठाऊक. तुझे दात सरळ झाले, कॉलेज झालं, ते सगळं काँक्रीटमधूनच आलं ना? मग एकतीस वर्षं तू नेमका कुठे बघत होतास?

तुझी आई शहाणी आहे. वेड असलंच तर ट्यूनाच्या हॉटडिशवर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा घालून शेजारधर्म पाळणाऱ्यांना आहे. तीन दिवस तेच खाल्लं मी. दलालाला सांग, ईस्टरपर्यंत बस म्हणावं गप्प. शब्द दिला आहेस.

रागावले तरी तुझीच,
आत्या

मेपल क्रेस्ट
१४ जानेवारी १९९५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पारा शून्याखाली बावीसवर आहे. समितीने ठराव केला की सुरक्षिततेसाठी आणि सारखेपणासाठी सगळ्या ड्राइव्हवेंवर मिठाची गाडी फिरवायची. पहिल्याच हिवाळ्यात नव्या काँक्रीटवर मीठ! वरचा थरच सुटायचा. मी ऑरिनचा कोट घालून ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभी राहिले. गाडीवाल्याने हात केला आणि पुढे गेला.

मीठ नको तर घसरू नये म्हणून काय टाकायचं? कोंबड्यांना खायला घालतात ती ग्रॅनाइटची कच आणली, दोन पोती. पोत्यावर कोंबडीचं चित्र. वसाहतीच्या नियम सतरामध्ये कुक्कुटपालनाला मनाई आहे. तर गुरुवारी समितीचे तिघे तपासणीला आले. गॅरेज बघितलं, कपाट बघितलं. टटलबाई तळघराच्या दाराला कान लावून उभ्या होत्या. मी कॉफी दिली आणि पलंगाखालीही बघा म्हटलं. एकाने बघितलं. आज लेखी आलंय: कोंबड्या आढळल्या नाहीत, तरी त्या त्वरित हलवाव्यात.

रोज सकाळी फावडं घेऊन बर्फ काढते तेव्हा धाकधूक असते. खाली काय चाललंय ते दिसत नाही. ईस्टरला तेरा आठवडे आहेत.

आठवण असू द्यावी.
तुमची,
लिओना

मेपल क्रेस्ट
२४ एप्रिल १९९५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बर्फ वितळला. स्ट्रूपने उन्हात सोडलेल्या पाचही ड्राइव्हवेंचे पापुद्रे सुटले आहेत, उन्हात भाजलेल्या पाठीसारखे. टटलबाईंचा सगळ्यांत जास्त. स्ट्रूपचा फोन लागत नाही.

डेल ईस्टरला आला. दलालाचे कागद बॅगेत होते, वरचं टोक दिसत होतं. खाली बघत बघत तो गॅरेजपर्यंत गेला आणि तिथे गुडघ्यावर बसला. म्हणाला, “आई, गेला गं. भेग आहे.” मीही खाली बसले. केसासारखी भेग होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पण सगळी खाचेच्या आत. तसूभरही बाहेर नाही. मी त्याला सांगितलं, खाच त्यासाठीच असते. तिने जिथे पडायचं तिथेच ती पडली आहे.

तो बराच वेळ खाचेतून बोट फिरवत होता. मग म्हणाला, बाबांनी मला हे कधी सांगितलंच नाही. मी म्हटलं, रोज जेवताना सांगायचे. तू केचप मागत असायचास. तो हसला आणि मग हसू बंद झालं. कागद बॅगेतच राहिले. निघायच्या दिवशी त्याने ऑरिनच्या झाडूने सगळी कच झाडून काढली.

समितीने आता ठराव केला आहे: सारखेपणासाठी एक जूनपासून सात दिवस प्रत्येकाने आपल्या ड्राइव्हवेला पाणी घालावं, जुना असो वा नवा. मलाही नोटीस आहे.

एक गोष्ट राहिली. पुस्तकात सातच दिवस लिहिले आहेत. मी चोवीस दिवस पाणी घातलं. आठव्या दिवसापासून काँक्रीटला त्याची गरज नव्हती. टटलबाईंचं अगदीच चुकलं नव्हतं. हे डेलला कळवू नये.

आहे तो लोभ तसाच राहावा, एवढंच मागणं.
तुमची,
लिओना

डुलुथ
२९ एप्रिल १९९५

प्रिय लिओना हिस,
अ. उ. आ.

मी आले तो अकरावा दिवस होता. मोजता मलाही येतं.

समितीचा ठराव मोडून चालायचं नाही. एक जूनला बसने येते. दुसरा पाइप काढून ठेव.

तुझी,
अर्लिस