तोंडावर सांग बघू

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवते. मी खुशाल आहे, पोटभर जेवते.

कॉलेजात व्यवसायनीती शिकवणाऱ्या आमच्या बाई भारी आहेत. कुणी जाहिरात लिहिली की म्हणतात, "आता हेच घरच्या माणसाला तोंडावर सांग बघू!" आधी आम्ही हसायचो.

परवा नोकरीच्या मुलाखतीत गुडघ्यांच्या तेलाची जाहिरात लिहायला दिली. आठवड्यात दुखणं पळतं, असं लिहायचं होतं. मी विचारलं, "खरंच पळतं?"

साहेब म्हणाले, "तुला विकायचंय की लावायचंय?"

मला तू दिसलीस. मी लिहिलं नाही. नोकरी हुकली.

बाईंनी शाबासकी दिली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी लगेच दुसरीकडे फोन लावला. तेव्हा काळजी नको.

तुझे गुडघे कसे आहेत? दरवेळी "बरे आहेत" लिहितेस. आता खरं लिही.

तुझी,
धाकटी